ज्ञानकोशातील चरित्र आणि शिक्षकाचे कर्तव्य

१. दप्तराचा शिरस्ता

प्राथमिक शाळेच्या कपाटात जी दप्तरे असतात, त्यांत जनरल रजिस्टरची योग्यता सर्वांत मोठी मानली जाते. मुलाचे नाव, त्याची जन्मतारीख, जन्मस्थळ व पालकाचे नाव ह्या गोष्टी त्यात एकदा लिहिल्या गेल्या, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यातून त्या त्याच्या सोबत जन्मभर जातात. म्हणूनच त्या नोंदीत मनास येईल तशी खाडाखोड करता येत नाही. तारीख चुकली असल्यास आधार म्हणून कागद दाखवावा लागतो, वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते आणि दुरुस्तीपाशी सही करावी लागते. जुनी नोंदही वाचता येईल अशीच राहते. आईबाप कितीही प्रतिष्ठित असले, अथवा कितीही आग्रह करू लागले, तरी कागदावाचून तारीख बदलत नाही. हा शिरस्ता प्रत्येक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेला आहे.

ज्या काळजीने गावातील एका मुलाची तारीख जपली जाते, तीच काळजी थोरामोठ्यांच्या चरित्रांबाबत मात्र सहसा घेतली जात नाही. जयंती-पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी विद्यार्थी मोबाईलवरून चार ओळी उतरवून आणतो, प्रार्थनेच्या वेळी त्या वाचून दाखवितो, आणि त्या ओळींतील आकडे व तारखा शाळेच्या भिंतीवरील हस्तलिखितात जाऊन बसतात. त्या कोठून आल्या, हे कोणी विचारीत नाही. बहुधा त्यांचा उगम विकिपीडिया ह्या इंटरनेटवरील ज्ञानकोशात असतो. तो ज्ञानकोश कसा चालतो, त्यातील प्रसिद्ध व्यक्तींची चरित्रे अचूक व तटस्थ कशी राखली जातात, आणि ग्रामीण शाळेतील शिक्षकाचा त्यात कोणता वाटा असू शकतो, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

२. कोशवाङ्मयाची परंपरा व तिचे नवे रूप

महाराष्ट्रास कोशवाङ्मयाची मोठी परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. ह्या ग्रंथांत मजकुराची जबाबदारी संपादकाची असे. खंड छापून बाहेर पडला, म्हणजे त्यातील चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राही. परंतु तो मजकूर कोणी रातोरात बदलूही शकत नसे.

विकिपीडियाची रचना ह्याहून वेगळी आहे. तो १५ जानेवारी २००१ रोजी प्रथम इंग्रजीत सुरू झाला; मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला. त्यातील लेख कोणीही लिहावा व कोणीही सुधारावा, अशी मुभा आहे. एकच मुख्य संपादक नाही. लिहिणारे व तपासणारे बहुसंख्य लोक विनावेतन काम करतात. चूक दिसताच ती त्याच क्षणी दुरुस्त करता येते, हा ह्या व्यवस्थेचा गुण होय. त्याच क्षणी नवी चूक घालताही येते, हा तिचा दोष होय. हा दोष आवरण्यासाठी तेथे जे नियम आहेत, त्यांपैकी तीन मुख्य होत. पहिला असा की, लेखातील प्रत्येक विधान वाचकास पडताळता आले पाहिजे. म्हणजे ते कोणत्या विश्वसनीय प्रकाशित साधनात आहे, हे दाखविता आले पाहिजे. दुसरा असा की, लेखकाने स्वतःचे शोध, आठवणी व अनुमाने लेखात घालू नयेत. तिसरा असा की, लेखाचा दृष्टिकोन तटस्थ असावा.

नियम वाचावयास सोपे आहेत. ते पाळताना काय अडचण येते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

३. एका आकड्याची हकीकत

लता मंगेशकर यांचे नाव ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे झाला व ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी एकंदर किती गाणी गायिली, असा प्रश्न वर्गात केला तर कोणी २५ हजार सांगेल, कोणी ३० हजार, कोणी ५० हजार. प्रत्येक मुलाजवळ आधारही असेल. कारण हे सर्व आकडे कोठे ना कोठे छापलेले आहेत.

ह्या आकड्यांचे मूळ शोधू जाता असे आढळते की, गिनेस विश्वविक्रम ग्रंथाच्या १९७४ च्या आवृत्तीत लता मंगेशकर यांनी १९४८ ते १९७४ ह्या काळात २५ हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी ध्वनिमुद्रित केली, असा उल्लेख आला. गायक मोहम्मद रफी यांनी त्यास हरकत घेतली व आपली गाणी अधिक असल्याचा दावा केला. रफी १९८० साली निवर्तले. पुढे १९८४ च्या आवृत्तीत लता मंगेशकर यांच्या नोंदीसोबत रफी यांच्या २८ हजार गीतांच्या दाव्याचाही उल्लेख करण्यात आला. १९९१ साली दोन्ही नोंदी वगळण्यात आल्या. २०११ साली त्याच संस्थेने सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा मान आशा भोसले यांना दिला, तेव्हा त्यांच्या गाण्यांचा आकडा सुमारे ११ हजार असा धरला होता.

आता चौथी-पाचवीच्या गणिताने हा २५ हजारांचा आकडा तपासून पाहावा. १९४८ ते १९७४ ही २६ वर्षे होत. २५ हजारांस २६ ने भागिले असता वर्षास सुमारे ९६० गाणी येतात. म्हणजे सणवार, आजारपण, प्रवास काही न वगळता दररोज अडीचहून अधिक. त्या काळी हिंदीत वर्षाकाठी साधारण शंभर-सव्वाशे चित्रपट निघत. प्रत्येकात आठ गाणी धरली, तर वर्षाची सारी गाणी मिळून ८०० ते १,००० होतात. ह्याचा अर्थ पुरुषगायकांची आणि इतर सर्व गायिकांची गाणीही एकट्या लताबाईंच्या नावे मांडल्यावाचून हा हिशेब जुळत नाही. आणि त्यांनी मराठी व अन्य भाषांत गायिलेली गाणी मिळविली, तरी एवढे अंतर भरून निघत नाही.

ह्याउलट काही अभ्यासकांनी अंदाजावर विसंबून न राहता मोजदादच केली. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश तयार केला; त्यात चित्रपटवार प्रत्येक गीताची व गायकाची नोंद आहे. अशा मोजदादीतून लता मंगेशकर यांच्या हिंदी चित्रपटगीतांची संख्या पाच हजारांच्या थोडी पुढे जाते, एवढेच आढळते. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आपण आपल्या गाण्यांची गणती ठेवलेली नाही आणि गिनेसच्या संपादकांना तो आकडा कोठून मिळाला हे आपणांस ठाऊक नाही, असे खुद्द लता मंगेशकर यांनीच म्हटले होते. ज्यांच्या गौरवार्थ तो आकडा मिरविला गेला, त्यांनीच त्याची हमी घेतली नव्हती.

अशा ठिकाणी ज्ञानकोशाने काय लिहावे? पंचवीस हजार लिहिले तर ते हिशेबास टिकत नाही. पाच हजार एवढेच लिहिले, तर ती संख्या केवळ हिंदी चित्रपटगीतांची आहे हे झाकले जाते, आणि पंचवीस हजार ऐकलेला वाचक संभ्रमात पडतो. म्हणून गिनेसच्या १९७४ च्या आवृत्तीत काय म्हटले होते, त्यास कोणी हरकत घेतली, नोंद केव्हा वगळली गेली, आणि चित्रपटवार मोजदाद करणाऱ्यांस काय आढळले, हे सर्व सालवारीने व आधारांसह मांडणे हाच योग्य मार्ग होय. वाचकास एक आकडा कमी मिळतो. परंतु त्या आकड्याची खरी हकीकत मिळते.

४. तटस्थता कशास म्हणावे

तटस्थता ह्या शब्दाविषयी काही गैरसमज आढळतात. तटस्थ लेखन म्हणजे कोरडे लेखन, अथवा स्तुतीला तितकीच निंदा जोडून केलेले लेखन, असे काहींस वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ज्या मुद्द्यावर वाद नाही तो सरळ सांगावा. ज्यावर वाद आहे तो वाद म्हणून सांगावा, आणि कोणत्या पक्षाचे म्हणणे काय, हे त्या त्या पक्षाच्या नावावर घालावे.

लता मंगेशकर व मोहम्मद रफी यांच्यात १९६० नंतरच्या दशकात मतभेद झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गीतांच्या विक्रीतून येणाऱ्या मानधनात गायकांस वाटा मिळावा, असा लताबाईंचा आग्रह होता. एकदा मेहनताना घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो, असे रफी यांचे मत होते. काही वर्षे दोघांनी एकत्र गाणी गायिली नाहीत. येथपर्यंत वाद नाही. परंतु तो अबोला कसा मिटला, ह्याविषयी दोन म्हणणी आहेत. रफी यांनी आपणांस पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली, असे लता मंगेशकर यांनी २०१२ साली सांगितले. रफी यांच्या मुलाने ते अमान्य केले. ज्ञानकोशाने येथे पंच होऊ नये. "लता मंगेशकर यांच्या म्हणण्यानुसार" व "रफी यांच्या मुलाच्या म्हणण्यानुसार" अशी दोन वाक्ये लिहावीत आणि थांबावे.

समतोलाचा दुसरा भाग जागेचा होय. ज्या स्त्रीची कारकीर्द सहा दशकांहून अधिक चालली, तिच्या चरित्रात एका भांडणास दोन पाने आणि संगीतदिग्दर्शनास एक ओळ मिळाली, तर प्रत्येक वाक्य खरे असूनही लेख खोटा ठरतो. लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' ह्या नावाने मराठी चित्रपटांस संगीत दिले; १९६५ चा 'साधी माणसं' हा त्यांपैकी एक. ही गोष्ट चरित्रात यावयास हवी. ती चमचमीत नसल्यामुळे मागे पडण्याचा संभव असतो, एवढेच.

तिसरा भाग विशेषणांचा. "साक्षात सरस्वतीचा अवतार, जगातील सर्वश्रेष्ठ गानसम्राज्ञी लतादीदी यांनी ५० हजार गाणी गाऊन अढळपद मिळविले" हे वाक्य व्यासपीठावर शोभेल; कोशात शोभणार नाही. कोशातील वाक्य असे असावे : "लता मंगेशकर (२८ सप्टेंबर १९२९ – ६ फेब्रुवारी २०२२) ह्या भारतीय पार्श्वगायिका होत्या. त्यांना १९८९ साली दादासाहेब फाळके पुरस्कार व २००१ साली भारतरत्न हा किताब मिळाला." दुसऱ्या वाक्यात एकही स्तुतिशब्द नाही. तरीही भारतरत्न मिळालेली गायिका किती मोठी असेल, हे वाचकाच्या मनात आपोआप येते, आणि ते त्याने स्वतः ठरविलेले असल्यामुळे टिकते. लोक त्यांना गानकोकिळा म्हणत, ही वस्तुस्थिती होय. ती "असे संबोधले जाई" ह्या रूपाने सांगण्यास हरकत नाही.

मराठीत आदरार्थी बहुवचन आहे. "त्या होत्या", "त्यांनी गायिले" असे लिहिण्याने तटस्थपणास बाध येत नाही. ती भाषेची रीत आहे. मात्र ती सर्वांस सारखी लागू केली पाहिजे. आवडत्या गायिकेस "त्या" आणि नावडत्या पुढाऱ्यास "तो" असे लिहिले, की सर्वनामातूनच पक्षपात डोकावतो.

५. हयात व्यक्तीविषयी अधिक सावधगिरी

दिवंगत व्यक्तीच्या चरित्रात चूक झाली तर इतिहास बिघडतो. हयात व्यक्तीच्या चरित्रात चूक झाली तर एका माणसाचे आयुष्य बिघडू शकते. विकिपीडियास हा धडा अमेरिकेत २००५ साली मिळाला. जॉन सिगेन्थॉलर हे तेथील ज्येष्ठ पत्रकार. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक म्हणून काम केले होते. मे २००५ मध्ये कोणा अनामिकाने इंग्रजी विकिपीडियावर त्यांचे चरित्र घातले, व त्यात केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे खोटेच लिहिले. सुमारे चार महिने तो मजकूर कोणाच्या ध्यानात आला नाही. इतर संकेतस्थळांनी तो उचललाही. ज्या केनेडींची शवपेटिका खांद्यावर वाहण्याचा प्रसंग आपल्यावर आला, त्यांच्याच खुनाचा आळ आपल्यावर आलेला त्या ७८ वर्षांच्या गृहस्थांस वाचावा लागला. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून ही गोष्ट जगापुढे मांडली. तो मजकूर आपण थट्टेने लिहिला होता, अशी कबुली लिहिणाऱ्याने पुढे दिली.

ह्या प्रकारानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवे पान सुरू करण्यास नोंदणी आवश्यक करण्यात आली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आखले गेले. त्याचा गाभा असा की, हयात व्यक्तीविषयीचे वादग्रस्त विधान आधारावाचून असेल, तर चर्चेची वाट न पाहता ते तत्काळ काढून टाकावे. विधान निंदेचे असो वा स्तुतीचे, नियम एकच.

मृत्यूच्या बातमीबाबत हीच दक्षता हवी. जानेवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर रुग्णालयात असताना त्यांच्या प्रकृतीविषयी खोट्या वार्ता पसरल्या होत्या, आणि अफवा पसरवू नयेत अशी विनंती त्यांच्या वतीने करावी लागली होती. अशा वेळी सर्वांआधी पानावर "होत्या" लिहिण्याची घाई काहींस होते. ज्ञानकोश हे वृत्तपत्र नव्हे. अधिकृत वार्ता येईपर्यंत "आहेत" हेच क्रियापद खरे असते. ते दोन तास उशिरा बदलल्याने कोणाचे नुकसान होत नाही. दोन तास आधी बदलल्याने मात्र एका कुटुंबास दुःख होते.

६. पान वाचण्याची रीत

विकिपीडियावरील चरित्र वाचताना शिक्षकाने केवळ मजकुरावर न थांबता चार ठिकाणे पाहावीत.

पहिले ठिकाण वाक्याशेजारील संदर्भाचा अंक. तो दाबला असता आधार दिसतो. आधार पुस्तक आहे, वृत्तपत्र आहे, की कोणा चाहत्याचे पान आहे, हे पाहावे. "संदर्भ हवा" अशी खूण असेल, तर ते विधान अद्याप कच्चे आहे असे समजावे व फळ्यावर लिहू नये.

दुसरे ठिकाण इतिहास. प्रत्येक लेखाच्या वरच्या बाजूस ही कळ असते. तीत प्रत्येक बदल, त्याचा दिवस, वेळ व करणाऱ्याची ओळख राहते, आणि जुना मजकूर जसाच्या तसा पाहता येतो. रजिस्टरातील जुनी नोंद दुरुस्तीखाली वाचता येते, तसाच हा प्रकार. कालच कोणी आकडा बदलला असेल, तर तो येथे सापडतो.

तिसरे ठिकाण चर्चा. लेखाविषयी मतभेद असल्यास ते येथे मांडलेले असतात. जेथे मोठी चर्चा झाली आहे, तेथील मजकूर पारखून घ्यावा.

चौथे ठिकाण तोच लेख दुसऱ्या भाषेत. मराठी, हिंदी व इंग्रजी लेखांत तारखा निरनिराळ्या असतील, तर कोठेतरी चूक आहे एवढे निश्चित कळते.

ह्या ठिकाणी एक सापळा ओळखून असावे. दोन विद्यार्थ्यांच्या पाटीवर एकाच उदाहरणाचे एकच चुकीचे उत्तर दिसले, तर एकाने दुसऱ्याचे पाहिले हे शिक्षक ओळखतो. साधनांचेही असेच असते. वृत्तपत्राने विकिपीडियावरून आकडा उचलला, आणि मग विकिपीडियाने त्याच वृत्तपत्राचा आधार दिला, तर साक्षीदार दोन दिसतात. वस्तुतः एकही नसतो. म्हणून आधार कोणत्या सालचा आहे व त्याने स्वतः कोठून माहिती घेतली, हे पाहावे.

७. दुरुस्ती करण्याची रीत

चूक आढळल्यास शिक्षकाने स्वतः दुरुस्ती करण्यास हरकत नाही. किंबहुना ते इष्टच आहे. प्रथम सदस्य म्हणून नोंदणी करावी. हाताशी प्रकाशित आधार घ्यावा. एका वेळी एकच मुद्दा बदलावा, आणि बदलाचे कारण दिलेल्या रकान्यात थोडक्यात लिहावे. उदाहरणार्थ, "जन्मस्थळ दुरुस्त केले, अमुक चरित्रग्रंथाचा आधार". ग्रंथातील वाक्ये जशीच्या तशी उतरवू नयेत. आशय आपल्या शब्दांत लिहावा. कोणी तो बदल उलटविला, तर पुन्हा पुन्हा तोच बदल करून कुस्ती खेळू नये. चर्चेच्या पानावर आधार मांडावा व उत्तराची वाट पाहावी.

"सध्या", "आजकाल", "नुकताच" असे शब्द कोशात टाळावेत. ते लिहिताना खरे असतात आणि वर्षभरात शिळे होतात. "२००१ साली" असे लिहिले, म्हणजे ते पन्नास वर्षांनीही खरेच राहते.

"पहिले", "एकमेव", "सर्वांत मोठे" ह्या शब्दांपाशी थांबून विचार करावा. लता मंगेशकर यांचे पहिले चित्रपटगीत कोणते? १९४२ साली 'किती हसाल' ह्या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गीत गायिले, परंतु ते चित्रपटातून वगळले गेले. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' ह्या चित्रपटात त्यांचे गीत आले. पहिले ध्वनिमुद्रित व पहिले पडद्यावर आलेले असा भेद सांगितला, की वाद मिटतो.

शिक्षकाच्या वाट्यास आणखी एक नाजूक प्रसंग येतो. गावचा मल्ल, कीर्तनकार, तमासगीर अथवा लोकप्रतिनिधी नावारूपास आला, की "गुरुजी, आपल्या माणसाचे पान करा" अशी विनंती येते. निवडणुकीच्या दिवसांत तर आग्रहही होतो. ज्याच्याशी आपले नाते, स्नेह किंवा हितसंबंध आहे, त्याचे चरित्र आपण लिहू नये, हा विकिपीडियाचा दंडक अशा वेळी कामी येतो. ज्याच्याविषयी स्वतंत्र व विश्वसनीय ठिकाणी काही छापलेच गेले नाही, त्याचे पान तेथे टिकत नाही, हेही नम्रपणे सांगावे. त्या माणसाची योग्यता कमी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच्या कार्याची नोंद आधी गावाने, वर्तमानपत्राने किंवा स्थानिक इतिहासकाराने करावयास हवी, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षक त्या नोंदीस आरंभ करून देऊ शकतो.

८. वर्गात करावयाचा पाठ

वरील विषय इयत्ता पाचवीपुढील मुलांस दोन तासिकांत समजावता येईल. त्यास इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही.

पहिल्या तासिकेत मुलांनी आपल्या आजी-आजोबांपैकी एकाचे दहा ओळींचे चरित्र लिहून आणावे. प्रत्येक ओळीपुढे ही गोष्ट कोणी सांगितली, किंवा कोणत्या कागदावर आहे, हे लिहावे. "आजीने सांगितले", "सातबाऱ्यावर नाव आहे", "लग्नपत्रिकेवर तारीख आहे" असे उल्लेख येतील. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, तिच्याखाली रेघ ओढावी. आपल्याच घरातील किती गोष्टी ऐकीव आहेत, हे मुलांस तेव्हा कळते. कागदावर नसले म्हणून आजीचे सांगणे खोटे ठरत नाही, हेही शिक्षकाने स्पष्ट करावे. ते आजीचे सांगणे म्हणून लिहावे, एवढेच.

दुसऱ्या तासिकेत मुलांनी वह्यांची अदलाबदल करावी व एकमेकांच्या लेखांतील विशेषणे शोधावीत. "फार कष्टाळू" ह्या शब्दांऐवजी काय लिहिता येईल, असे विचारावे. "पहाटे चारला उठून दोन कोसांवरून पाणी आणीत" असे उत्तर एखादे मूल देईल, आणि ते विशेषणाहून अधिक बोलते, हे साऱ्या वर्गास पटेल. शेवटी २५ हजार गाण्यांचा भागाकार फळ्यावर करून घ्यावा. छापलेला आकडाही तपासता येतो, आणि तपासणे म्हणजे अनादर नव्हे, हे त्यातून बिंबते.

हा शेवटचा मुद्दा विशेष जपावा. लताबाईंची गाणी पंचवीस हजार नाहीत असे कळल्यावर एखाद्या मुलास वाईट वाटेल. त्यास सांगावे की, पाच हजारही पुष्कळ झाली. रोज एक ऐकावयाचे ठरविले तर चौदा वर्षे लागतील. थोर माणसास आपल्या पदरची भर लागत नाही.

९. समारोप

खेड्यात "गुरुजींनी सांगितले" किंवा "बाईंनी सांगितले" हा अजूनही मोठा पुरावा मानला जातो. ही प्रतिष्ठा आणि तिची जबाबदारी बरोबरच येतात. मुलाने आणलेल्या कागदावर बोट ठेवून "हे कोठून घेतलेस?" असा एक प्रश्न रोज विचारला गेला, तरी पुष्कळ कार्य होईल, कारण ज्या मुलास तो प्रश्न ऐकण्याची सवय लागते, ते मोठेपणी मोबाईलवर आलेली निंदा पुढे पाठविण्यापूर्वी तोच प्रश्न स्वतःस विचारते.

जनरल रजिस्टरात ज्या हाताने काळजीपूर्वक तारीख लिहिली जाते, त्याच हाताने ज्ञानकोशातील एखादी तारीख दुरुस्त व्हावी. तेथे सहीखाली शिक्का नसेल, शाळेचे नावही नसेल. परंतु दूरच्या एखाद्या गावातील मूल जयंतीच्या आदल्या दिवशी तेच पान उघडील, तेव्हा त्याच्या वहीत खरी तारीख उतरेल.